जागा धरायला गेलेली पंचफुला

रेच्यांच्या धडधडाटात शेजारची बाई कानाशी ओरडली तरी ऐकू येत नसे, पण पंचफुला हसली की ते गेटावरच्या चौकीदारालाही कळे. अमरावतीच्या कापूसबाजाराजवळचं ते जीन, कापसातून सरकी काढायचा कारखाना. बाया ओळीनं बसून रेच्याच्या यंत्रात कापूस घालायच्या, एकीकडे सरकी गळायची, दुसरीकडे रुई उडायची, आणि मधूनच कुठून तरी पंचफुलेचं हसू उसळायचं. सुरुवात बारीक, मग ते चढत जायचं, आणि शेवटी आवाजच बंद होऊन नुसते खांदे हलायचे. तोवर आजूबाजूच्या साऱ्याजणी, आपण कशाला हसतोय हे माहीत नसताना, डोळे पुसत असायच्या. मुकादम नत्थुजी म्हणायचे, "हिले कामावर ठेवलं तं काम बंद, अन् काढलं तं बाया बंद."

ती राहायची फ्रेजरपुऱ्यात. नवरा बुधाजी कापूसबाजारात हमाल. अंगानं एवढासा, आणि बोलणं त्याहून कमी. लग्नात त्याचं बाशिंग सुटून नाकावर आलं तर त्यानं ते तसंच राहू दिलं, कारण सरळ कर असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नवरी मांडवातच हसली. सासूनं तेव्हाच कपाळाला हात लावला होता. पण पुढं संसार चांगला चालला. ती बोलायची, तो ऐकायचा, आणि दोघांनाही आपल्या वाट्याला बरं काम आलं असं वाटायचं.

छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. बुधाजीनं आल्या आल्या विडी सोडली. पंचफुलेनं तंबाखू सोडली नाही. त्यांच्या घरातला हा एकुलता एक वाद.

"पाचव्या शीलात नशापानी सोडा म्हनलं हाये," बुधाजी म्हणायचा.

"दारूचं म्हनलं. तंबाखूचं नाव कुठी घेतलं, दाखवा मले."

बुधाजी प्रामाणिकपणे आठवत बसायचा, आणि तेवढ्यात तिनं चिमूटभर तंबाखू चुन्याशी मळून गालात ठेवलेली असायची. कमरेला चंची, चंचीत चुन्याची डबी. जिनातल्या बहुतेक बायांचं तसंच होतं. रुईनं घसा खवखवतो, दुपारच्या आत भूक लागते. तंबाखू गालात असली की दोन्ही गोष्टी जरा गप्प बसतात.

त्रेसष्ट साली संक्रांतीनंतर शहरात कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर लागलं. टांग्यावर भोंगा बांधून माणूस फिरला. राजापेठेत फिरला, वकिलांच्या गल्ल्यांतून फिरला, अंबागेटाच्या आत जाऊन आला. फ्रेजरपुऱ्याकडे वळला नाही. कोणी मुद्दाम ठरवलं असं नसेल, त्याच्या घोड्याचा रोजचा रस्ता तिकडचा नव्हता एवढंच. शिबिराची वेळ दिवसाची, म्हणजे नेमकी जिनाच्या पाळीची. जिनात बातमी आली ती मुकादमाच्या तोंडून, आणि बायांनी ती तशीच हवेत सोडून दिली.

"कॅन्सर बंगल्यातल्या लोकाईले होते बाई," इंदूबाई म्हणाली. ती पंचफुलेच्या शेजारच्या रेच्यावर बसायची. वयानं मोठी, स्वभावानं लाजरी, हसताना नेहमी तोंडावर पदर धरणारी. "आपल्याले ताप येते, खोकला येते. लय झालं तं मरन येते."

पंचफुला यावर इतकी हसली की नत्थुजी काठी आपटत आले.

त्याच दिवशी मालकाच्या घरून निरोप आला. खुशालराव भातकुलीकडचे मोठे शेतकरी, जिनात त्यांची भागीदारी. त्यांच्या पत्नी आशाबाई यांना तपासणीला जायचं होतं, पण ओळीत उभं राहायचं नव्हतं. घरोघरी हळदीकुंकवं चालू होती. तेव्हा जिनातून एक बाई पाठवा, ती जागा धरून ठेवील, नंबर जवळ आला की बाईसाहेब येतील. नत्थुजींना क्षणभरही विचार करावा लागला नाही. एक दिवस तरी जिनात काम होईल म्हणून त्यांनी पंचफुलेला पाठवलं.

आशाबाईंची रेशमी छत्री खांद्यावर टाकून पंचफुला शिबिराच्या ओळीत जाऊन उभी राहिली. पुढं वकिलांच्या बायका, मागं मास्तरणी आणि दुकानदारांच्या सुना. लुगड्यावरची रुई पाहून पुढची बाई एक पाऊल पुढं सरकली, मागची एक पाऊल मागं. भरल्या ओळीत पंचफुलेभोवती अंगणाएवढी मोकळी जागा झाली.

"बरं झालं," ती छत्रीला म्हणाली, "हवा लागते."

पण गप्प उभं राहणं तिच्या रक्तात नव्हतं. समोरच्या बाईनं, किती वेळ लागतो कोण जाणे, असं म्हटल्याचं निमित्त झालं आणि पंचफुलेनं बुधाजीची घोड्याची गोष्ट काढली. एकदा बाजारात एका फौजदारानं बुधाजीच्या हातात घोड्याचा लगाम दिला आणि म्हणाला, धर जरा. फौजदार आत गेला, मागच्या दारानं मोटारीत बसून निघून गेला. बुधाजी घोडा धरून उभा. बाजार उठला, तो उभाच. शेवटी दिवेलागणीला घोड्यासकट घरी आला. "मी म्हनलं, हे काय आनलं? तं म्हनते, सोड म्हनून कोनी सांगतलंच नाई. अन् घोडं अंगनात उभं राहून आमच्या घरावर शाकारलेली पराटी खाऊन राह्यलं."

वकिलीणबाईंच्या नाकातून आधी आवाज आला, मग त्यांनी रुमाल काढला. मास्तरीणबाईंनी विचारलं, मग घोड्याचं काय झालं? ते ऐकायला त्या जवळ आल्या, त्यांच्या मागच्याही आल्या. मोकळं अंगण केव्हा भरलं ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. हसता हसता ओळ पुढं सरकत गेली, आणि पंचफुलेनं वर पाहिलं तेव्हा ती थेट टेबलासमोर होती. आशाबाईंचा पत्ता नव्हता.

टेबलामागं लीलाबाई डॉक्टर बसल्या होत्या. मूळच्या अकोल्याच्या, इथं सरकारी दवाखान्यात. पांढरं पातळ, जाड चष्मा, आणि चेहरा असा की त्यावर हसू कधी बसलंच नसावं.

"नाव?"

"आशाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

"खुशालराव. म्हनजे माहे नाई. माहे बुधाजी. मी आशाबाई नोहो, मी त्याहीची जागा हावो."

लीलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग जागेनं तोंड उघडावं. मागं लोक आहेत."

आपल्याला कोणी जागा म्हणून हाक मारली याचं पंचफुलेला असं काही हसू आलं की तिनं छत्रीच्या दांडीचा आधार घेतला. तोंड सताड उघडलं. लीलाबाईंनी त्याच क्षणी बॅटरी पेटवली.

"तसंच. थांबू नका. हसत राहा."

मग त्यांनी स्वतःच बॅटरी जवळ नेली. चमच्यासारख्या पट्टीनं गाल बाजूला केला. आत बोट फिरवलं. पंचफुलेचं हसू आपोआप ओसरलं, कारण समोरची बाई एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा पाहत होती.

"तंबाखू इथंच ठेवता ना? या गालात?"

"हाओ."

"इथं पांढरा चट्टा आहे. दुखतो?"

"नाई. काईच नाई."

"दुखत नाही म्हणूनच तुम्ही आला नसता. हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. पण असाच राहू दिला तर होऊ शकतो. दवाखान्यात या, तुकडा काढून तपासायचा आहे. आणि तंबाखू आत्तापासून बंद."

याच वेळी आशाबाई आल्या. कपाळभर कुंकू, हातात वाणाचं सुगड, चालून धाप लागलेली. आपल्या जागी आपली जागा बसलेली पाहून त्या थबकल्या.

"अवो, माहा नंबर होता ना? अन् हे पट्टी हिच्या तोंडातली तुमी आता मले लावसान?"

"प्रत्येक पट्टी उकळून घेतो," लीलाबाई म्हणाल्या. "वकिलीणबाईंचीही उकळली, यांचीही उकळू. बसा."

आशाबाई बसल्या. त्यांचं तोंड स्वच्छ होतं. उठताना त्यांनी पंचफुलेकडे पाहिलं. पंचफुला छत्री परत द्यायचीही विसरली होती.

दुसऱ्या दिवशी ती जिनात आली आणि हसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बायांना पहिल्यांदाच रेच्यांचा आवाज ऐकू आला आणि तो त्यांना सहन होईना. नत्थुजींनी एकदा मुद्दाम तिच्यासमोर ठेच खाल्ली, तरी काही नाही. दवाखान्यात जायचं तिनं मनावरच घेतलं नव्हतं. हंगाम चालू, एक दिवस घरी बसलं की त्या दिवसाची रोजी गेली. शिवाय दवाखान्यात गेलेलं माणूस पायांनी परत आल्याचं तिच्या सासरी-माहेरी कोणी पाहिलं नव्हतं.

घरी बुधाजी दोन-चार दिवस नुसता पाहत राहिला. मग एका संध्याकाळी त्यानं तिच्या कमरेची चंची ओढून घेतली, अंगणात गेला आणि सगळी तंबाखू चुलीच्या राखेत कालवली. पंचफुला बघतच राहिली. लग्नापासून या माणसानं तिच्या हातातून काही ओढून घेतलं नव्हतं.

"उद्या दवाखान्यात जाच्चं," तो म्हणाला.

"अन् रोजी?"

"मी दोन फेऱ्या जास्त मारीन." त्याला अजून काही सांगायचं होतं आणि सवय नव्हती. "तू हसत नाई तं मले घर सापडत नाई. काल गल्लीतून पुढंच गेलो. मले वाटलं, हे दुसऱ्याचं घर हाये."

पंचफुला रडली. रडता रडता, हा माणूस काल खरंच पुढं चौकापर्यंत गेला असणार हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला जरासं हसू फुटलं.

दवाखान्यात लीलाबाईंनी सुई टोचून गाल बधिर केला आणि तुकडा काढला. तो तपासायला नागपूरला गेला. उत्तर येईपर्यंतचे दिवस पंचफुलेनं तंबाखूऐवजी भाजलेली सरकी, चिंचोके, बडीशेप, आणि एकदा रागाच्या भरात बुधाजीच्या शर्टाची गुंडी, असं मिळेल ते चावून काढले. उत्तर आलं: कॅन्सर झालेला नाही, पण वाटेला लागलेला आहे. मग लीलाबाईंनी तो अख्खा चट्टाच काढून टाकला, आतून टाके घातले, आणि बुधाजीला बजावलं, "आठवडाभर यांना हसू द्यायचं नाही. टाके तुटतील."

एवढं अवघड काम बुधाजीवर आयुष्यात कोणी टाकलं नव्हतं. तो खाटेशेजारी तिच्याकडे पाठ करून बसला. तोंड दिसलं तर तिला हसू येईल अशी त्याला भीती. पंचफुला त्याच्या पाठीकडे पाहून हसली. एक टाका तुटला. लीलाबाईंनी पुन्हा घातला आणि बुधाजीला दवाखान्याबाहेर निंबाखाली बसवलं.

टाके काढले त्या दिवशी पंचफुलेनं लीलाबाईंना विचारलं, "जिनातल्या बायाईले कोन पाहीन?"

"शिबिर होतं की. एकही आली नाही."

"कशी येईन? तुमची वेळ तेच आमची वेळ. अन् भरल्या लोकात तोंड उघडाचं म्हनजे सासऱ्यासमोर पदर टाकल्यासारखं. अन् काई निंघालंच तं? मंग घरी कोनाले सांगाचं, कोन काम करीन?"

लीलाबाईंनी चष्मा पुसला. "मग मी येते तिकडे," त्या म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत तपासायचं तर सुट्टी थोडी वाढवून हवी होती, आणि ते नत्थुजींच्या हातात नव्हतं. पंचफुला थेट आशाबाईंच्या दारात गेली, छत्री परत करायच्या निमित्तानं. आशाबाईंनी तिला ओसरीवर बसवलं. पूर्वी अंगणातूनच बोलणं व्हायचं.

"त्या दिवशी मी वेळेवर आली असती तं," आशाबाई म्हणाल्या आणि तिच्या गालाकडे पाहत राहिल्या. सुट्टी वाढली. रोजी कापायची नाही असंही खुशालरावांकडून वदवून घेतलं, आणि ठरल्या दिवशी आशाबाई स्वतः जिनात हजर झाल्या.

सरकीच्या ढिगाशेजारी लीलाबाई बॅटरी घेऊन बसल्या. समोर बाया गोल करून बसल्या. साऱ्यांची तोंडं मिटलेली, पदर दातांत. कोणी पुढं येईना. आशाबाई म्हणाल्या, "घाबरू नका वो, काई होत नाई."

"मंग आंधी तुमी उघडा," पंचफुला म्हणाली. "मी तुमची जागा धरतो."

आशाबाईंनी मालकिणीच्या रुबाबात तोंड उघडलं. बायांनी मालकिणीचे दात पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. कुठून तरी खुसखुस झाली. ती विझायच्या आत पंचफुला उठली, हनुवटी आभाळाकडे केली, गाल फुगवले आणि तोंडात पिचकारी सांभाळत बोलणाऱ्या माणसासारखी म्हणाली, "गाम गरा वो बायानो, गाम गरा." नत्थुजी अगदी तसेच बोलायचे. गालात तंबाखूचा रस भरला की मान खाली करता येत नसे, म्हणून ते साऱ्या जिनाला सूचना देत त्या छपराकडे बघून. आत्ताही ते रुईच्या गाठींच्या आडून बघत होते, आणि हनुवटी वरच होती.

बाया फुटल्या. एकमेकींच्या अंगावर पडल्या, सरकीच्या ढिगात लोळल्या. आणि लीलाबाई, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, बॅटरी घेऊन त्यांच्यामधून फिरत राहिल्या. "तसंच. असंच राहा. जीभ वर. आता तुम्ही." एकदा तोंड उघडल्यावर कोणाला मिटायचं सुचेना. शेवटी नत्थुजीही आले, गाठीमागं जाऊन थुंकून, चूळ भरून. त्यांच्या तोंडात काही निघालं नाही, पण त्या दिवशी त्यांच्या सूचना सगळ्यांना समोर बघून मिळाल्या.

एकटी इंदूबाई हसत होती ती पदराआडूनच. पंचफुलेनं तिच्याजवळ बसून हळूच पदर खाली केला. इंदूबाईनं तो पुन्हा वर घेतला.

"काहून वो माय?"

"वास येते," इंदूबाई कुजबुजली. "तुमाले येईन म्हनून झाकतो."

इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं, बाई लाजरी आहे. हिरडीला मोठी जखम होती आणि ती कधीपासून होती ते तिला स्वतःलाच सांगता येईना. लीलाबाईंनी तिला स्वतः नागपूरला नेलं. पण फार उशीर झाला होता. पुढच्या हंगामाला इंदूबाईचा रेचा दुसऱ्या बाईला मिळाला. तिच्या शेवटच्या दिवसांत पंचफुला रोज तिच्या घरी जायची, आणि इंदूबाई तिच्यासमोर पदर न धरता हसायची. पंचफुलेनं एकदाही तोंड फिरवलं नाही.

त्यानंतर पंचफुला थांबली नाही. हंगाम संपला की ती लीलाबाईंबरोबर एस.टी.नं निघायची. भातकुलीला निंदणाच्या बायांत, बार्शीटाकळीला आठवडी बाजारात, जिथं टांग्यावरचा भोंगा पोहोचत नाही तिथं तिचं हसणं पोहोचायचं. बाया जमल्या की लीलाबाई बॅटरी काढायच्या. काहींना चट्टे निघाले, ते वेळेत काढले गेले. काहीजणी नाव ऐकूनच पळाल्या, एक तर ज्वारीच्या उभ्या पिकात शिरली ती संध्याकाळपर्यंत निघाली नाही. पंचफुला शेताच्या धुऱ्यावर बसून तिला गोष्टी सांगत राहिली. शेवटी आतूनच हसू ऐकू आलं.

अडुसष्ट सालची गोष्ट. दोघी परतवाड्याला निघाल्या होत्या. एस.टी. खचाखच. कापसाचे दलाल पुढच्या सीटवर, मजूर बाया मागं टोपल्या घेऊन, मधे दोन मास्तर. कंडक्टर देवीदास तिकिटं फाडत आला. त्याचा गाल फुगलेला होता.

"काय गा, दात दुखते काय?" पंचफुलेनं विचारलं.

"नाई मावशी, चिमूट हाये."

"दाखव."

"काय दाखव?"

"तोंड दाखव. या डाक्टरीनबाई हायेत. फुकट पाहतेत. नंतर ओळीत उभं रहा लागते."

देवीदास लाजला, पण मागच्या बाया ओरडू लागल्या, दाखव ना भाऊ, काय नवरी हायेस काय. त्यानं खिडकीतून थुंकून तोंड उघडलं. लीलाबाईंनी बॅटरी मारली आणि म्हणाल्या, चांगलं आहे, पण सोडा. झालं. बाजूचा दलाल पुढं झुकून म्हणाला, आमचंही पाहून घ्या. त्याच्यामागून टोपलीवाली, टोपलीवालीच्या मागून मास्तर. बस खड्ड्यांतून उडत होती, लीलाबाईंची बॅटरी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात जात होती, आणि पंचफुला मागच्या सीटवर बसून सांगत होती की जीभ वर घ्या, दुसऱ्याची नाई, आपली.

आसेगावच्या पुढं ड्रायव्हरनं बस रस्त्याच्या कडेला लावली.

"काय झालं?" देवीदासनं विचारलं.

"सगळ्याईचं पाहून राह्यले," ड्रायव्हर म्हणाला, "अन् माहंच राह्यलं."

तो खाली उतरला, दाराशी येऊन उभा राहिला आणि आ केला. बस परतवाड्याला इतकी उशिरा पोहोचली की डेपोतले लोक फाटकापाशी येऊन वाट पाहत होते. कंट्रोलरनं विचारलं, बस कुठं बिघडली होती. देवीदासला काय सांगावं ते कळेना. त्यानं मागं पाहिलं. पंचफुला टोपलीवाल्या बायांना उतरायला हात देत होती, एकीच्या टोपलीतली वांगी पायऱ्यांवरून घरंगळत चालली होती आणि दलाल वाकून ती गोळा करत होता. लीलाबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसून घेतलं.